पाणी परत करण्याचा शनिवार

मी एक बोया बोलतोय. तळ्याच्या मधोमध पाण्याखाली खडक आहे हे होडीवाल्यांना कळावं म्हणून साखळीनं बांधून ठेवलेला, लाल रंगाचा, गोल पोटाचा बोया. माझं काम एवढंच, की मी दिसावं. त्यापलीकडे माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. तरी एका उन्हाळ्यात अख्खी गावसभा माझ्याभोवती भरली. ती हकीकत सांगायची आहे.

जन्मानं मी बोया नव्हे. अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका कारखान्यात मी निळं पिंप म्हणून जन्माला आलो, आणि माझ्या पोटात व्हिनेगरमध्ये मुरवलेले हेरिंग मासे भरले गेले. मासे संपले, वास राहिला. तो अजून आहे.

रिकामा झाल्यावर मला आर्वो लाम्पीनं उचललं. आर्वो कागदाच्या गिरणीत कामाला होता. थर्ड लेकच्या पूर्व काठावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, हिल्माचं, घर होतं. या मुलखात तळी इतकी, की नावं देणारे दोन तळ्यांनंतर दमले असावेत, हे तिसरं. बुडालेल्या खडकावर आपटून आर्वोच्या मोटरबोटीचा पंखा मोडला, तेव्हा त्यानं माझं झाकण पक्कं बंद केलं, मला लाल रंग फासला आणि साखळीच्या टोकाला धोंडा बांधून खडकाशेजारी सोडून दिलं. होडी धरून बसलेली हिल्मा म्हणाली, "अगदी तुझ्या नाकासारखा दिसतोय."

"म्हणजे लांबून ओळखू येईल," आर्वो म्हणाला. दोघं हसत घरी गेली.

पहिल्या दिवशी वारा सुटला आणि लांबून लाट येताना दिसली. मला वाटलं, आता ही मला काठावर नेऊन टाकणार. साखळी चांगली सैल होती, तिचा अडथळा नव्हता. लाट आली. मी वर उचलला गेलो, माथ्यावर असताना जरासा पुढे सरकलो. मग खळग्यात उतरलो आणि जेवढा पुढे गेलो होतो तेवढाच मागे आलो. एक छोटीशी गिरकी, आणि मी होतो तिथेच. लाट मात्र पुढे निघून गेली. माझ्या आजूबाजूचं पाणीही माझ्यासारखंच गिरकी घेऊन जागच्या जागी परतलं होतं. ज्या गवताच्या काडीशी माझी सकाळी ओळख झाली, तीच संध्याकाळी माझ्याशेजारी तरंगत होती. लाट ही येणारी वस्तू नाही, ती नुसती बातमी आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. माणसांना कळायला बरीच वर्षं लागली आणि त्यासाठी बरंच बीट खर्ची पडलं.

आर्वो निवृत्त झाला आणि बिघडलं. दिवसभर घरात. हिल्मानं लाकडं कशी रचावीत यावर तो बोलू लागला. ती आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. मागून कुणी सूचना केल्या तर गाडी थांबवून खाली उतरवायची तिची पद्धत. एकदा लाकडं आडवी की उभी यावरून कडाक्याचं वाजलं आणि ती म्हणाली, "जा तळ्यापलीकडे जाऊन राहा." तिनं ते रागात म्हटलं होतं. आर्वोनं ते पत्ता म्हणून घेतलं. पश्चिम काठावर त्याची शिकारीला जायची झोपडी होती. कुत्र्याला घेऊन तो तिथे राहायला गेला. कुत्र्याचं नाव पुल्ला, म्हणजे वेलचीचा गोड पाव. रंगही तसाच होता.

दोघांनी तळंही वाटून घेतलं. पूर्वेकडचं तिचं, पश्चिमेकडचं त्याचं, हद्द खडकाशी. म्हणजे माझ्याशी. माझं निम्मं पोट तिच्याकडे आणि निम्मं त्याच्याकडे, आणि मी गोल असल्यामुळे कुठलं निम्मं कुणाचं हे दर वाऱ्याला बदलायचं.

आर्वो रोज सकाळी मोटरबोट काढून आपल्या हद्दीत वेगानं गोल गोल फिरू लागला. पाय त्यानं हद्दीपलीकडे टाकला नाही, पण लाटांना हद्द कुठे समजते? आधी लांब लांब लाटा घाईनं पुढे यायच्या, मागून आखूड लाटा धापा टाकत. सगळ्या माझ्याखालून जाऊन हिल्माच्या काठाकडे. काठाजवळ पाणी उथळ. तिथे लाटेचा पाय तळाला घासतो, पाय मागे राहतो, डोकं पुढे जातं आणि ती तोंडावर आपटते. आपटायची ती नेमकी मातीच्या त्या उंचवट्यावर, ज्यावर हिल्माची सौना उभी होती.

सौना म्हणजे ओंडक्यांची लहानशी वाफेची खोली; चुलीवर दगड तापवायचे, त्यांवर पाणी शिंपडायचं आणि घाम गाळत बसायचं. हिल्माच्या वडिलांनी ती बांधली होती. दर शनिवारी नवराबायको तिथे बसत आली होती. आता तिच्या खालची माती रोज थोडी थोडी निसटत होती.

हिल्मानं गावसभेकडे तक्रार केली: आर्वो आपलं पाणी माझ्याकडे लोटतो. त्या वर्षी पाऊस नव्हता, तळं सगळीकडूनच ओसरलं होतं. पण आर्वोला दिसत होता तो फक्त आपला धक्का, जो चिखलात उभा होता. त्यानंही तक्रार केली: माझं पाणी हळूहळू हिल्माकडे जमा झालंय, ते मला परत पाहिजे.

गावसभेचा अध्यक्ष होता डेल्मर ग्रॉनलंड. गळाला लावायच्या किड्यांचं दुकान चालवणारा, शांत स्वभावाचा माणूस. शाळेत तो दोघांच्या वर्गात होता. हिल्मा म्हणाली, मी त्याच्या काठावर येणार नाही. आर्वो म्हणाला, मी तिच्या काठावर जाणार नाही. गावातलं सभागृह पूर्वेला, म्हणून तेही नको. शेवटी डेल्मरनं आपली सपाट तळाची मोठी होडी खडकाशी आणून मला बांधली, तिच्यावर कॉफीचा मोठा थर्मास आणि खुर्च्या मांडल्या, आणि गावसभा माझ्यावर भरली.

"पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातंय हे दोघांना मान्य आहे ना?" डेल्मरनं विचारलं.

"मान्य," हिल्मा म्हणाली.

"मान्य," आर्वो म्हणाला. कित्येक महिन्यांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"मग भांडण कशावर आहे?"

"मला ते नकोय," हिल्मा म्हणाली.

"आणि मला ते हवंय," आर्वो म्हणाला.

डेल्मरनं समाधानानं कॉफीचा घोट घेतला. "मग सोपं आहे. हिल्मा, तू ते परत कर. ते लाटांनी आलंय, तर लाटांनीच जाईल. येत्या शनिवारी."

मी डुचमळून नकार दिला. सगळ्यांनी पाठ टेकून खुर्च्या सावरल्या आणि ठराव मंजूर झाला.

शनिवारी पूर्व काठ माणसांनी भरला. कुणी फळ्या आणल्या, कुणी वल्ही, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार. हिल्मा सगळ्यांत पुढे, गुडघाभर पाण्यात. आधी जो तो आपल्या मनानं पाणी बडवू लागला. त्यातून नुसता गोंधळ उठला, लाट एकही नाही. मग डेल्मरनं माझ्याशेजारून शिट्टीचा ठेका धरला. प्रत्येक शिट्टीला सगळ्यांचा एकदम धपका. आता एकामागून एक, सारख्या अंतरानं, शिस्तीत लाटा निघाल्या.

हिल्माच्या शेजारणीनं, व्हर्नानं, घरून बिटाच्या लोणच्याच्या बरण्या आणल्या होत्या. "आपलं पाणी कुठलं आणि त्याचं कुठलं हे ओळखू यायला नको का? उद्या तो म्हणेल पोचलंच नाही," असं म्हणत तिनं बरण्या धक्क्याशी ओतल्या. पाणी गडद लाल झालं.

पलीकडे आर्वोनं लाटा येताना पाहिल्या आणि तो सुखावला. मग त्याला शंका आली. "हे जास्त येतंय. ही बाई तिच्याकडचं शेवाळही खपवतेय. जादाचं परत करा रे." त्यानं आपल्या दोघा मावसभावांना पाण्यात उतरवलं आणि तेही ठेक्यात फळ्या आपटू लागले. डेल्मरच्या शिट्टीचा ठेका त्यांनाही ऐकू येत होता.

आता दोन्हीकडून लाटा निघाल्या आणि माझ्यापाशी भेटल्या. त्यांची टक्कर होईल, तुकडे उडतील असं मला वाटलं होतं. पूर्वेचा माथा आणि पश्चिमेचा माथा एकाच वेळी माझ्याखाली आले आणि मी दुप्पट उंच उडालो. दोघींचे खळगे एकत्र आले तेव्हा दुप्पट खोल गेलो. डेल्मरची होडी माझ्यापासून जराशी बाजूला होती. तिच्याखाली एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा नेमके एका वेळी यायचे. माथ्यानं खळगा भरला. पाणी आरशासारखं सपाट. मी हाताच्या अंतरावर वरखाली आपटतोय आणि डेल्मरच्या कपातली कॉफीसुद्धा हलत नाही.

"थांबल्या," डेल्मर हात वर करून म्हणाला. "समेट झाला."

समेट कसला. पूर्वेची लाट पश्चिमेच्या लाटेतून आरपार गेली होती आणि जशीच्या तशी पुढे निघाली होती, पश्चिमेचीही तशीच. जणू दोघी वाटेत भेटल्याच नव्हत्या. डेल्मरच्या होडीखाली पाणी सपाट, आणि होडीच्या दोन्ही अंगांना लाटा चालूच.

मग आर्वो पलीकडून ओरडला, "लाल पाणी कुठाय? मला अजून लाल पाणी मिळालं नाही."

डेल्मरनं शिट्टी थांबवली. होडी नेऊन त्यानं आर्वोला आणलं, मग हिल्माच्या धक्क्याकडे घेऊन गेला. बिटाचा लाल डाग धक्क्याशीच होता. कडेनं थोडा फिकट झाला होता, एवढंच. शेवटच्या काही लाटा अजून चालल्या होत्या. डाग वर जात होता, खाली येत होता आणि जागेवर राहत होता. लाटा त्याच्याखालून आर्वोच्या काठाकडे जात होत्या, बिनरंगी.

"म्हणजे पाणी जात नाही," डेल्मर म्हणाला.

"मग इतके दिवस माझ्याकडे काय येत होतं?" हिल्मानं विचारलं.

डेल्मरनं बराच विचार केला. "येणं येत होतं."

"येणं येत होतं म्हणजे काय रे? माझी माती गेली ती काय येण्यानं गेली?"

"हो की. येणं येतं, आपटणं आपटतं. पाणी आपल्या जागी."

"आणि माझं पाणी?" आर्वोनं विचारलं.

"तुझं पाणी उन्हानं नेलं. तिचंही नेलंय. धक्का बघ तिचा."

आर्वोनं पाहिलं. हिल्माचा धक्काही चिखलात उभा होता. मग त्याची नजर सौनेकडे गेली. त्यानं परत धाडलेल्या जोराच्या लाटांनी त्या दिवशी तिचा एक कोपरा उघडा पाडला होता. खालचा ओंडका अधांतरी होता. आर्वोचा चेहरा उतरला. डेल्मरच्या होडीतून तो झोपडीकडे परत गेला. त्यानंतर त्यानं होडीची मोटर कधी सुरू केली नाही. पण सॉरी म्हणायला आलाही नाही.

माणसांचा ओशाळलेपणा मी पाहिला आहे, तो फार शांत असतो. आठवडाभर तळ्यावर कुणी फिरकलं नाही. मग संध्याकाळची बोलणी सुरू झाली.

आवाज हीसुद्धा लाटच. हवा जागची उठून कुठे जात नाही. एक थर पुढच्याला ढोसतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि बोलणं पोचतं. दिवसा ते वर वर जाऊन हरवतं. पण वारा पडलेल्या संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची अजून उबदार असते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्याला धरून पार पलीकडच्या काठावर जातो. धक्क्यावर बसलेल्या आर्वोला हे माहीत नव्हतं.

"पुल्ला, तिला वाटतं मी लाकडांवरून भांडलो," तो कुत्र्याला सांगत होता. "लाकडं डोक्यावर उभी कर म्हणावं, मला काय. मी गिरणीतून घरी आलो तर घरात प्रत्येक वस्तूला जागा, मलाच नाही. काहीतरी बोलावं म्हणून लाकडांवर बोललो."

सौनेच्या पायरीवर कॉफी घेऊन बसलेल्या हिल्माचा हात थांबला. ती पुटपुटली ते शेजारच्या किटलीला. "ऐकलंस गं किटले? जागा नव्हती म्हणे. खुर्ची काय मी पाठीला बांधून फिरत होते?"

माझ्यावरून हे शब्द पश्चिमेला गेले. आर्वो दचकला. मग हळूच म्हणाला, "पुल्ला, वारा काहीतरी म्हणतोय. त्याला सांग, खुर्चीवर तिच्या विणकामाची टोपली असायची."

"टोपली उचलून खाली ठेवायला परवाना लागतो का, विचार गं किटले."

"खाली ठेवली असती तर लोकरीत तू लोळला असतास, पुल्ला. मग मार कुणाला बसला असता?"

रोज संध्याकाळी हे चालायचं. तो कुत्र्याशी बोलायचा, ती किटलीशी, एकमेकांशी कुणीच नाही. मध्ये मी. काठावरची इतर मंडळीही अंधार पडायच्या आत खुर्च्या घेऊन आपापल्या धक्क्यांवर येऊन बसू लागली. कुणी खोकायचं नाही, कप ठेवायचा तर मांडीवर. एकदा व्हर्नाला हसू फुटलं. दुसऱ्या संध्याकाळी आर्वो आणि हिल्मा दोघंही गप्प बसली, आणि सगळा काठ व्हर्नाकडे रागानं बघत राहिला.

ऑक्टोबरात पश्चिमेचं वादळ आलं. तळ्याची पूर्ण लांबी वाऱ्याला मोकळी मिळाली, तो वाटभर पाण्याला ढकलत आला आणि पूर्व काठापर्यंत लाटा माणूसभर झाल्या. त्या आर्वोच्या नव्हत्या, कुणाच्याच नव्हत्या, पण सौनेखालची उरलेली माती त्यांनी नेली. वादळ शमल्यावर डेल्मर हिल्माला म्हणाला, "आत जाऊ नकोस. ही आता कधीही जाईल."

"आज शनिवार आहे," हिल्मा म्हणाली. "जायची असेल तर माझी आंघोळ झाल्यावर जाईल." आणि तिनं चूल पेटवली.

तेवढा धीर सौनेला नव्हता. दुपारी ती करकरली, कलली, आणि अख्खीच्या अख्खी घसरून पाण्यात शिरली. ओंडक्यांचीच ती, बुडाली नाही, तरंगली. वारा आता पूर्वेचा झाला होता. त्यानं तिच्या भिंतीवर हात ठेवला आणि तिला हळूहळू आत ढकलू लागला. धुराडं धूर सोडत होतं. हिल्मा आत होती.

पश्चिम काठावर आर्वो म्हणाला, "पुल्ला, तो धूर चालतोय." मग त्याला उमगलं आणि तो होडीकडे धावला. मोटरच्या दोरीला त्यानं हात घातला आणि सोडला. मोटरनं लाटा उठल्या असत्या आणि एवढी कललेली सौना आडवी व्हायला एक लाट पुरेशी होती. पाणी बर्फासारखं गार होतं. तो वल्ही घेऊन बसला आणि मारू लागला, अलगद, पाणी न उडवता. इतक्या हळू घाई करणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्याच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज येत होता आणि तो मला स्पष्ट ऐकू येत होता.

त्याच्या आधी सौना माझ्यापाशी पोचली. मी मधे आलो. एक ओंडका माझ्या पोटात घुसला, साखळी ताणून तुटली, मी बाजूला फेकला गेलो, आणि सौना करकरत खडकावर चढून बसली. हलेना.

आर्वोची होडी दाराशी लागली आणि त्यानं दार किलकिलं केलं.

"हिल्मा, आहेस का?"

"नाही, चर्चला गेलेय."

त्यानं वल्ह्यावर डोकं टेकलं. मग म्हणाला, "पाण्यात आहेस?"

"खालच्या बाकावर पाणी आलंय. मी वरच्या बाकावर बसलेय."

"बाहेर ये. होडीत बस."

"ओल्या केसांनी? बाहेर किती थंडी आहे ते बघतोस ना? इथे चूल अजून पेटती आहे, दगड लाल आहेत."

"मग मी काय करू?"

"इतके दिवस पलीकडून सगळं ऐकू येत होतं. आता हाताच्या अंतरावर कसं ऐकू येईना? दार उघडं टाकलंयस, वाफ चाललीय. लाव ते."

आर्वोनं दार लोटून घेतलं.

"आतून," हिल्मा म्हणाली.

दोन्ही काठांवर माणसं गोळा झाली होती. डेल्मर होडी सोडून निघाला होता, तो मधेच थांबला. सौनेचं दार उघडलं, आर्वो आत गेला, दार बंद झालं. थोड्या वेळानं दगडांवर पाणी पडल्याचा चुर्र आवाज आला. होडीत पुल्ला शेपटी हलवत बसला होता. त्या शेपटीच्या ठोक्यांनी होडीभोवती बारीक वलयं उठत होती.

ती दोघं पुन्हा एका घरात राहायला गेली असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. तो अजून झोपडीत राहतो, ती घरात. हिवाळ्यात तळं गोठल्यावर गावानं बर्फावरून जाऊन सौनेखाली दगड रचून दिले आणि गावसभेनं तिला बेट म्हणून मान्यता दिली. दर शनिवारी पूर्वेकडून एक होडी येते, पश्चिमेकडून एक. आत काय बोलणं होतं ते काठावर पोचत नाही. ओंडके जाड आहेत. व्हर्नाला याचं फार वाईट वाटतं.

खडकावर सौना उभी म्हटल्यावर बोयाची गरज उरली नाही. आर्वोनं मला काठावर आणलं, झाकण कापलं आणि हिल्माच्या घराच्या वळचणीखाली पावसाचं पाणी धरायला ठेवलं. पोटाला पडलेल्या भोकावर त्यानं आतून ठिगळ लावून दिलं. आयुष्यभर मी लाटांवर होतो, आता लाटा माझ्यात आहेत. वरून थेंब पडतो, वलय निघतं, माझ्या भिंतीला टेकून परत फिरतं आणि मधोमध पुन्हा स्वतःला भेटतं. थेंबाचं पाणी तिथेच असतं. मी तासन्तास पाहत बसतो.

एक विनंती आहे. कधी संध्याकाळी एखाद्या तळ्याकाठी बसलात आणि कुणाबद्दल काही मनात असलं, तर ते चांगलं असो की वाईट, सांभाळून बोला, पण बोला. निरोप घेताना माणसं 'येतो' म्हणतात. मला ते शोभायचं नाही. मी कुठेच जात नाही. तुम्हीच या. नाक मात्र धरून या, हेरिंगचा वास अजून आहे.